लॉ सीईटी आणि क्लॅटची संभाव्यता अन् रिझनिंग: आधी छेद ठरवा, मग पेन उचला

कोर्टाचं काम सांभाळून मी रविवारी सकाळी आमच्या आळीतल्या चार-पाच पोरांना लॉ एन्ट्रन्सच्या तयारीत मदत करते आणि जवळजवळ प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ताई माझं मॅथ्स कच्चं आहे, म्हणून तर आर्ट्सला गेलो. मग संभाव्यता, म्हणजे प्रॉबॅबिलिटी, हा शब्द दिसला की पान उलटायचं, आणि रिझनिंगमध्ये मात्र "ते काय, डोकं चालवलं की येतं" म्हणून सरावच करायचा नाही. दोन्हीकडे मार्क जातात, आणि मला इतक्या दिवसांत दिसलंय ते असं की दोन्हीकडे जाण्याचं कारण एकच असतं, प्रश्नातला एखादा छोटा शब्द नीट वाचलेला नसतो. गणित त्यात सातवी-आठवीच्या अपूर्णांकांपलीकडे फारसं नसतंच.

आधी पेपरचा हिशोब सांगते म्हणजे कशाला किती वेळ द्यायचा ते कळेल. महाराष्ट्राच्या पाच वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीत 2024 पासून 150 ऐवजी 120 प्रश्न झाले, वेळ दोन तास, त्यात लॉजिकल आणि अ‍ॅनालिटिकल रिझनिंगचे 32 आणि बेसिक मॅथ्सचे 8. तीन वर्षांच्या कोर्सला गणिताचा वेगळा विभाग नाही, रिझनिंगचे 24 आहेत. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, तिथेही 120 प्रश्न, दोन तास, त्यात क्वांटिटेटिव्ह टेक्निक्सचे, म्हणजे गणिताचे, साधारण 10 ते 14, पण तिथे सुटा प्रश्न येत नाही, एक परिच्छेद किंवा तक्ता देतात आणि त्यावर प्रश्नांची माळ असते. मोठा फरक म्हणजे सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, क्लॅटला चुकलेल्या उत्तरामागे पाव मार्क जातो. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी त्यावर येणारच आहे.

छेद म्हणजे अर्धं उत्तर

संभाव्यता म्हणजे हवी ती शक्यता भागिले एकूण शक्यता, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पोरं धावतात ती वरच्या आकड्याच्या मागे. मी उलट सांगते, आधी रेघ मारा, रेघेखाली काय येणार ते लिहा, आणि मगच वर जा. का ते एका उदाहरणावरून दाखवते, हे क्लॅटच्या धर्तीवर मी बनवलेलं आहे.

एका लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला 200 विद्यार्थी आहेत, त्यात 120 मुली. मूट कोर्टसाठी, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यासाठी, 45 मुलींनी आणि 25 मुलग्यांनी नाव दिलं. आता तीन प्रश्न बघा. पहिला, कोणताही एक विद्यार्थी निवडला तर ती मूट कोर्टला नाव दिलेली मुलगी असण्याची शक्यता किती? दुसरा, निवडलेला विद्यार्थी मुलगी आहे हे माहीत आहे, तर तिने मूट कोर्टला नाव दिलं असण्याची शक्यता किती? तिसरा, मूट कोर्टच्या यादीतून एक नाव काढलं तर ते मुलीचं असण्याची शक्यता किती?

तिन्हीकडे वरती 45 च आहेत. पहिल्याला खाली 200, म्हणजे 9/40. दुसऱ्याला खाली 120, म्हणजे 3/8. तिसऱ्याला खाली यादीतले सगळे, 45 अधिक 25, म्हणजे 70, उत्तर 9/14. मागच्या महिन्यात बारावी आर्ट्सच्या एका मुलीने दुसऱ्या प्रश्नाला 9/40 लिहिलं आणि मला म्हणाली, पण ताई, माझं उत्तर ऑप्शनमध्ये होतं की! असणारच. पेपर काढणाऱ्याला माहीत असतं तुम्ही कुठे घसरणार, तो त्याच जागेवरचं उत्तर ऑप्शनमध्ये ठेवतो, त्यामुळे ऑप्शनमध्ये उत्तर सापडलं म्हणजे बरोबर आलं असं कधीच समजू नका. मी तिला एकच गोष्ट करायला लावली, प्रश्नात "हे माहीत आहे", "पैकी", "यादीतून", "असेल तर" असं काही आलं की त्याखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं, आता मी कोणत्या खोलीत उभी आहे. मुलींच्या खोलीत उभी असेन तर बाहेरचे 80 मुलगे माझ्यासाठी नाहीतच. सीईटी कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर रेघ मारता येत नाही, तिथे तो शब्द रफ पेपरवर लिहून काढायचा.

फासे, पत्ते, नाणी यावरचे प्रश्न सोपे आहेत, फार वेळ घालवू नका, पण काही गोष्टी तोंडपाठ हव्यात. दोन फाशांचे एकूण प्रकार 36, आणि 4-5 वेगळं, 5-4 वेगळं. बेरीज 9 येण्याचे प्रकार चार आहेत, दोन नाहीत, म्हणून 4/36 म्हणजे 1/9. बेरीज 7 चे सहा प्रकार, सगळ्यात जास्त, तिथून दोन्ही बाजूंना एकेक कमी होत जातं, 6 आणि 8 ला पाच, 5 आणि 9 ला चार, असं 2 आणि 12 पर्यंत एकेक. पत्त्यांत 52, चार रंग, प्रत्येकी 13, चित्राची पानं 12. बदामसत्ती खेळलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही, पण आता बऱ्याच घरांत पत्ते नसतात, तर एक जोड आणा आणि हातात घेऊन बघा, खरंच फरक पडतो. राजा किंवा बदाम येण्याची शक्यता विचारली तर 4 अधिक 13 म्हणजे 17 करायचं नाही, बदामचा राजा दोनदा मोजला गेला, म्हणून 16/52, 4/13. लीप वर्षात 53 रविवार येण्याची शक्यता 2/7, साध्या वर्षात 1/7, कारण 52 आठवडे झाल्यावर लीप वर्षात दोन दिवस उरतात आणि साध्यात एकच.

आता परत ठेवलं की नाही ठेवलं. डब्यात 5 तिळाचे आणि 4 बेसनाचे लाडू आहेत, न बघता दोन काढले, दोन्ही तिळाचे निघण्याची शक्यता किती? पहिला लाडू काढताना 5/9. तो हातात आहे, डब्यात आता आठच उरले आणि त्यात तिळाचे चार, म्हणून 4/8. गुणाकार 20/72, म्हणजे 5/18. पहिला परत डब्यात टाकला असता तर 5/9 गुणिले 5/9, 25/81. प्रश्नात "एकापाठोपाठ" किंवा "एकदम दोन" असेल आणि परत ठेवल्याचा उल्लेख नसेल तर ठेवलेला नाही असंच धरायचं. निवडीचा एनसीआर (nCr) वगैरे फॉर्म्युला येत असेल तर वापरा, येत नसेल तर असं एकेक पाऊल टाकत गेलं तरी उत्तर तेच येतं आणि चूक लगेच सापडते.

"किमान एक" हे दोन शब्द दिसले की सरळ रस्त्याने जायचं नाही. दहा बल्बपैकी तीन खराब आहेत, दोन काढले, किमान एक खराब निघण्याची शक्यता? सरळ गेलात तर पहिला खराब दुसरा चांगला, पहिला चांगला दुसरा खराब, दोन्ही खराब, असे तीन हिशोब करत बसाल. उलट बघा, किमान एक खराब नसणं म्हणजे दोन्ही चांगले असणं. 7/10 गुणिले 6/9, 42/90. एकातून वजा केलं की 48/90, 8/15. बस, अर्ध्या मिनिटात झालं. पण "किमान एक", "जास्तीत जास्त एक" आणि "नेमका एक" हे तीन वेगळे प्रश्न आहेत, घाईत तिन्ही सारखे दिसतात.

गुणाकार कधी करायचा, आणि वकिलाने हे का शिकायचं

पोरं नेहमी विचारतात, वकील होऊन फासे कुठे टाकायचेत, हे कशाला? मग मी त्यांना सॅली क्लार्कची केस सांगते. इंग्लंडमधली, ती स्वतः सॉलिसिटर, म्हणजे वकीलच होती. तिची दोन तान्ही बाळं वेगवेगळ्या वेळी दगावली आणि 1999 मध्ये तिला खुनासाठी जन्मठेप झाली. खटल्यात प्रोफेसर रॉय मेडो नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी साक्ष दिली की अशा घरात एक बाळ अचानक कारण नसताना दगावण्याची शक्यता 8543 मध्ये एक आहे, म्हणून दोन दगावण्याची शक्यता 8543 गुणिले 8543, म्हणजे साधारण 7 कोटी 30 लाखांत एक.

गुणाकार बरोबर आहे, पण तो करायचाच नव्हता. दोन घटनांच्या शक्यता अशा सरळ गुणायच्या तर एकीचा दुसरीवर काही परिणाम नसायला हवा. दोन नाणी उडवली तर एका नाण्याला दुसऱ्याची खबर नसते. पण एकाच आईबापांची दोन मुलं, एकच घर, काही आनुवंशिक कारण असेल तर दोघांनाही लागू, मग ते नाण्यांसारखं कसं धरणार? दुसरी चूक त्याहून खोल. निर्दोष आईची दोन मुलं अशी जाण्याची शक्यता कमी आहे, याचा अर्थ दोन मुलं गेलेली ही आई निर्दोष असण्याची शक्यता कमी आहे, असा होत नाही. छेद बदलला. एकाच आईने आपल्या दोन बाळांना मारणं हेही अत्यंत दुर्मिळच असतं, तुलना त्या दोन दुर्मिळ गोष्टींची व्हायला हवी होती. वरचे 45/120 आणि 45/70 आठवा, तीच चूक, फक्त इथे एका बाईचं आयुष्य टांगलेलं. 2001 मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने जाहीर पत्रक काढून हा आकडा चुकीचा आहे म्हणून सांगितलं. 2003 मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली, मुख्य कारण बचाव पक्षाला न दिलेला वैद्यकीय अहवाल होता, पण या आकड्यावरही कोर्टाने ताशेरे ओढले. सुटल्यावर चारच वर्षांनी, 2007 मध्ये ती गेली. मला ही केस सांगताना दर वेळी गलबलून येतं, आणि ती ऐकल्यावर पोरं निदान विचारायला लागतात, ताई, या दोन गोष्टी एकमेकींपासून खरंच सुट्या आहेत का? परीक्षेतही गुणाकाराआधी हाच प्रश्न स्वतःला विचारायचा.

परीक्षेत साक्षीदारांचा प्रश्न बऱ्याचदा येतो. एक साक्षीदार 75 टक्के वेळा खरं बोलतो, दुसरा 80 टक्के, एकाच घटनेबद्दल दोघांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध जाण्याची शक्यता किती? विरुद्ध जाणं म्हणजे एक खरा आणि दुसरा खोटा, आणि ते दोन प्रकारे होतं. पहिला खरा दुसरा खोटा, 3/4 गुणिले 1/5, म्हणजे 3/20. पहिला खोटा दुसरा खरा, 1/4 गुणिले 4/5, म्हणजे 4/20. बेरीज 7/20, 35 टक्के. "आणि" म्हटलं की गुणायचं, "किंवा" म्हटलं की मिळवायचं, आणि मिळवताना काही दोनदा मोजलं का ते बघायचं. इतकं डोक्यात बसलं की एन्ट्रन्सपुरती बहुतेक संभाव्यता झाली.

रिझनिंगमध्ये बोलण्यातली मराठी बाजूला ठेवा

रिझनिंगचा सगळ्यात मोठा सापळा मला विचाराल तर आपली रोजची भाषा आहे, खास करून मराठीतून पेपर देणाऱ्यांसाठी. घरी आपण म्हणतो "काही आंबे खराब निघाले", ऐकणारा समजतो बाकीचे चांगले निघाले. परीक्षेत "काही" चा अर्थ इतकाच की निदान एक, कदाचित सगळेही. त्यामुळे "काही वकील पुणेकर आहेत" यावरून "काही वकील पुणेकर नाहीत" हा निष्कर्ष निघत नाही. इथे दर वर्षी नवी पोरं पडतात.

दुसरं वाक्य, "सगळे वकील गायक नाहीत". हे मोठ्याने म्हणून बघा. एकाला ऐकू येतं की एकही वकील गायक नाही, दुसऱ्याला ऐकू येतं की सगळेच्या सगळे गायक नाहीत, काही असतील. मराठीत दोन्ही अर्थ चालतात. अशा वेळी तेच वाक्य इंग्रजीत स्क्रीनवर बघता येत असेल तर बघाच, "ऑल आर नॉट", "नॉट ऑल" की "नो" ते वाचा आणि मग ठरवा. सराव करताना मी पोरांना असं प्रत्येक वाक्य "एकही नाही", "निदान एक आहे", "निदान एक नाही", "प्रत्येक आहे" या चारांपैकी एका साच्यात लिहून काढायला लावते, पहिले आठ-दहा दिवस कंटाळा येतो, मग डोळा आपोआप तसं वाचायला लागतो.

"फक्त" हा पण असाच. तीन वर्षांच्या एलएलबीला फक्त पदवीधरच प्रवेश घेऊ शकतात, म्हणजे ज्याला प्रवेश मिळाला तो पदवीधर आहेच, पण प्रत्येक पदवीधराला प्रवेश मिळेल असं नाही. आणि "अर्ज वेळेत भरला नाही तर प्रवेश मिळणार नाही" यावरून वेळेत भरला म्हणजे मिळणार असं निघत नाही, वेळेत भरलेल्यांत पण मेरिट लिस्ट असतेच की. घरात आई "अभ्यास केला नाहीस तर टीव्ही नाही" म्हणते तेव्हा आपण केला तर टीव्ही मिळणार असंच समजतो आणि आईचाही अर्थ तोच असतो, पण पेपर काढणारा आई नाही, तो जेवढं लिहिलंय तेवढंच देतो.

सिलॉजिझमला, म्हणजे दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष निघतो का हे विचारणाऱ्या प्रश्नांना, वर्तुळं काढा, तोंडी करू नका. सर्व वकील पदवीधर आहेत, काही पदवीधर गायक आहेत, म्हणून काही वकील गायक आहेत का? पदवीधरांचं मोठं वर्तुळ, आत वकिलांचं छोटं. गायकांचं वर्तुळ मोठ्याला छेदायला हवं, पण छोट्याला न शिवता छेदू शकतं. एक जरी चित्र असं निघालं ज्यात दिलेली विधानं खरी आणि निष्कर्ष खोटा, तर निष्कर्ष गेला. म्हणजे तुमचं काम निष्कर्ष सिद्ध करायचं नसतं, तो मोडता येतो का ते बघायचं असतं. उलटतपासणीत वकील हेच करतो म्हणून मला हा भाग शिकवायला फार आवडतो.

नातेसंबंधांत मात्र मराठी आपल्याला हात देते. इंग्रजीत अंकल म्हटलं की काका, मामा, आत्याचा नवरा, मावशीचा नवरा सगळे त्यात, आणि कझिन म्हटलं तर मुलगा की मुलगी तेही कळत नाही. म्हणून इंग्रजी पेपरात अंकलला मनातल्या मनात मामा करून टाकू नका, जे दिलं नाही ते धरायचं नाही. मराठीत मामेभाऊ, आतेबहीण म्हटलं की अख्खं झाड समोर येतं. पद्धत एकच, वाक्याच्या शेवटाकडून सुरू करा आणि बोलणारा कोण ते आधी बघा. एक पुरुष फोटोकडे बोट दाखवून म्हणतो, ही माझ्या आईच्या एकुलत्या एक मुलाची मुलगी. आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे तो स्वतः, म्हणजे फोटोतली त्याची लेक. आता हेच वाक्य एका बाईने म्हटलं तर? आईचा एकुलता एक मुलगा म्हणजे तिचा भाऊ, त्याची मुलगी म्हणजे तिची भाची, आणि ही तिची आत्या. एकुलता एक मुलगा म्हणजे बहिणी नाहीत असं नव्हे, हे लक्षात आलं ना? आणि नावावरून बाई की पुरुष ठरवू नका, प्रश्नात सांगितलं असेल तरच.

दिशा, कोडिंग, मालिका हे सरावाचे विषय आहेत, रोज दहा प्रश्न करा, महिन्याभरात हात बसतो. दिशेच्या प्रश्नात उत्तर दिशा वर धरून बाणांनी काढत जा, आणि सावली असेल तर सकाळी ती पश्चिमेला पडते, संध्याकाळी पूर्वेला, एवढं पुरे.

गोल टेबलवर मात्र थोडं थांबते, कारण तिथे एकदा आकृती चुकली की चार-पाच मार्क एकदम जातात. मी पोरांना घड्याळ काढायला लावते. सहा माणसं असतील तर घड्याळाचे 12, 2, 4, 6, 8, 10 या सहा खुर्च्या. पहिल्या माणसाला कायम 6 वर बसवायचं, कारण तिथे तो केंद्राकडे तोंड करून बसला की त्याचा उजवा हात आणि तुमचा उजवा हात एकाच बाजूला येतो, डोकं फिरवावं लागत नाही.

आता बघा. अमोल, भावना, चेतन, दीपा, ईशान, फरहान गोल टेबलाभोवती केंद्राकडे तोंड करून बसलेत. अमोल दीपाच्या बरोबर समोर, भावना अमोलच्या लगेच उजवीकडे, फरहान चेतनच्या बरोबर समोर, आणि चेतन भावनाच्या शेजारी नाही. अमोल 6 वर, दीपा 12 वर. अमोलच्या उजवीकडे 4, तिथे भावना. चेतन-फरहान समोरासमोर हवेत, 4 भरलेला म्हणून 10-4 ची जोडी त्यांना मिळत नाही, उरली 2-8. भावना 4 वर, तिच्या शेजारी 2 आणि 6, चेतन 2 वर चालत नाही, म्हणून चेतन 8 वर, फरहान 2 वर. ईशान उरलेल्या 10 वर. ईशानच्या लगेच उजवीकडे कोण? वही फिरवा आणि 10 आकडा आपल्या पोटाशी आणा, उजव्या हाताला 8 येतो, चेतन. स्क्रीन फिरवता येत नाही पण रफ पेपर फिरवता येतो, बिनधास्त फिरवा.

आणि याच कोड्यात विचारलं की भावनाच्या समोर कोण, तर आकृतीसुद्धा नको. सहा जणांच्या समोरासमोर तीनच जोड्या होतात, दोन दिल्या आहेत, तिसरी उरली ती भावना-ईशान. म्हणून अट वाचण्याआधी एकदा खालचे प्रश्न बघून घ्या, कधी कधी पूर्ण कोडं सोडवायची गरजच नसते. अजून एक शब्दाचा फेर, "उजवीकडे दुसरा" म्हणजे एखाद्या माणसापासून उजवीकडे मोजायचं, "उजवीकडून दुसरा" म्हणजे रांगेच्या उजव्या टोकापासून मोजत आत यायचं. एका "कडे" चा "कडून" झाला की उत्तर बदललं.

विधान आणि गृहीतक यात उलट करून बघायचं. समजा नोटीस आहे, मुसळधार पावसामुळे उद्याची सुनावणी ऑनलाइन होईल, वकिलांनी साडेदहाच्या आत लिंकवर यावं. गृहीतक एक, वकिलांकडे इंटरनेटची सोय आहे. उलट करा, सोय नाही. मग नोटिशीला अर्थच उरत नाही, म्हणजे हे गृहीत धरलेलं आहे. गृहीतक दोन, ऑनलाइन सुनावणी प्रत्यक्ष सुनावणीपेक्षा चांगली असते. उलट करा, चांगली नसते. तरी नोटीस तशीच उभी राहते, पाऊस आहे म्हणून ठेवली. म्हणजे हे गृहीतक नाही. "सर्व", "कायम", "फक्त हाच उपाय" असे टोकाचे शब्द असलेल्या ऑप्शनकडे जरा संशयाने बघा, पण नुसत्या त्या शब्दावरून उडवू नका, परिच्छेदातच टोकाचं लिहिलेलं असेल तर ते बरोबरही असतं.

लीगल रिझनिंगला पण हेच लागू. तत्त्व दिलेलं आहे, प्रसंग दिलेला आहे, उत्तर तत्त्वातून काढायचं. 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या, जागी भारतीय न्याय संहिता आली हे तुम्हाला माहीत असायलाच हवं, जीकेमध्ये कामाला येईल, पण प्रश्नातल्या तत्त्वात काही वेगळं लिहिलं असेल तर त्या प्रश्नापुरता तोच कायदा.

सरावाला एक स्वस्तातली शंभर पानी वही करा, त्यात चुकलेला प्रश्न पूर्ण लिहू नका, कोणत्या शब्दावर घसरलो तेवढं लिहा. "किमान वाचलं नाही." "पैकी सुटलं." "उजवीकडून, उजवीकडे." त्या 9/40 लिहिणाऱ्या मुलीच्या वहीत पहिल्या पंधरा दिवसांत "पैकी" सात वेळा आलंय, त्यानंतर दोनदा. पेपर सोडवण्यापेक्षा सोडवलेला पेपर तपासायला जास्त वेळ द्या, दोन तासांच्या मॉकला, म्हणजे सराव पेपरला, निदान दोन तास तपासणीला.

न येणाऱ्या प्रश्नांचं काय

हाही संभाव्यतेचाच प्रश्न आहे, आणि हा प्रत्येकाला पेपरात सोडवावाच लागतो. चार ऑप्शन आहेत, तुम्हाला काहीच माहीत नाही. सीईटीला चुकल्याचं काही कापत नाहीत, म्हणून असे 20 प्रश्न डोळे मिटून भरले तर सरासरी 5 मार्क येतात. प्रत्येकातला एक ऑप्शन नक्की चूक आहे हे ओळखता आलं तर सरासरी साडेसहाच्या थोडी वर जाते, दोन ओळखता आले तर 10. तेव्हा सीईटीत एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही, शेवटची पाच मिनिटं यासाठीच राखून ठेवायची, घड्याळात 1 तास 55 मिनिटं झाली की हातातला प्रश्न अर्धवट सोडून रिकाम्या प्रश्नांकडे जायचं.

क्लॅटचा हिशोब करून बघा. 16 प्रश्न पूर्ण अंदाजाने भरले, सरासरी चार बरोबर, बारा चूक. चार मार्क मिळाले, बारा पाव म्हणजे तीन गेले, हातात एक. सोळा गोल भरून एक मार्क, आणि तोही सरासरीने, एखाद्या दिवशी शून्याखाली पण जाईल. पण तेच दोन ऑप्शन उडवता आले तर दर प्रश्नामागे अर्ध्यातून पावाचं अर्धं वजा, म्हणजे 0.375, सोळा प्रश्नांना सहा मार्क. म्हणून क्लॅटला मी असं सांगते, एकही ऑप्शन उडवता येत नसेल तर सोडा, एक उडवता आला तर वेळ बघून ठरवा, दोन उडवता आले तर भरा. आणि क्लॅट कागदावर असते, उत्तराचे गोल ओएमआर उत्तरपत्रिकेवर भरायचे असतात, एखादा प्रश्न सोडला की पुढचा गोल त्याच्या जागी भरला जातो आणि तिथून पुढचं सगळं सरकतं, म्हणून सोडलेल्या प्रश्नाच्या आकड्याला प्रश्नपत्रिकेवर मोठा गोल करा आणि दर पाच उत्तरांनी दोन्हीकडचे आकडे बोट ठेवून जुळवा.